उत्तरपत्रिकेवरची खाडाखोड

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सोळा वर्षांची. शाळेतून व्यक्तिमत्त्व आणि आवडीनिवडींच्या चाचणीची पुस्तिका घरी आली, ती तिने सोडवली, आणि अहवालात शेरा आला की उत्तरांमध्ये मेळ नाही, स्वतःला चांगलं दाखवण्याकडे कल दिसतो, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. तुमचं म्हणणं, प्रश्नच फसवे होते. एकच गोष्ट तीनतीनदा विचारली, ‘मला दुसऱ्याचं यश खुपतं’ असलं काहीबाही विचारलं. आता चाचणी पुन्हा द्यायची आहे, तेव्हा अशा प्रश्नांची बरोबर उत्तरं कळवा, म्हणजे अहवालात अभियांत्रिकी येईल.

ती उत्तरं मी देणार नाही. पत्राच्या मधोमध तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य माझ्या मनातून जात नाहीये: ‘मी शेजारीच बसलो होतो, अडेल तिथे सांगत होतो, शेवटची दोन पानं तेवढी तिने एकटीने केली.’ सोबत उत्तरपत्रिकेचे फोटो आहेत. मी ते मोठे करून पाहिले. ‘मला कधी कधी राग आवरत नाही’ या विधानापुढे आधी ‘हो’चा गोल भरलेला, मग तो खोडून ‘नाही’चा. कागद घासून खरखरीत झालेला फोटोतही दिसतो. पहिल्या पानावर अशी अकरा ठिकाणं आहेत. दर वेळी उत्तर अधिक शहाण्या, अधिक गुणी मुलीकडे सरकलं आहे. शेवटच्या दोन पानांवर एकही खाडाखोड नाही, आणि तिथे तेच रागाचं विधान वेगळ्या शब्दांत आलंय, तर तिने सरळ ‘हो’ म्हटलंय. उत्तरांमध्ये मेळ नाही, तो इथे. एका कागदावर दोन माणसांनी उत्तरं दिली आहेत. चाचणीने पकडलं असेल तर तुम्हाला पकडलं. मुलीला त्याबद्दल बोलला असाल, आणि पत्राच्या सुरावरून बोलला असालच, तर आधी ते बोलणं मागे घ्या.

आता ‘फसव्या’ प्रश्नांबद्दल. हा गैरसमज फार पसरलेला आहे की प्रत्येक विचित्र प्रश्नाच्या पोटात एक गुपित असतं आणि ते ओळखलं की चाचणी जिंकली. एकेकट्या विधानावरून सहसा काहीच ठरत नाही. १९४३ साली अमेरिकेत हॅथवे आणि मॅकिन्ली यांची मिनेसोटा चाचणी आली. ती मानसिक आजारांच्या निदानासाठी आहे, करिअर निवडायला तिचा उपयोग नाही. पण असल्या प्रश्नांचं तंत्र तिच्यात स्वच्छ दिसतं. तिच्या प्रचलित पुस्तिकेत ५६६ विधानं होती आणि त्यांतली १६ पुन्हा छापलेली. त्या जोड्यांवरून पुढे उत्तरं मन लावून दिली आहेत का हे तपासलं जाऊ लागलं. आणखी १५ विधानं अशी, की ज्यांतले बारीकसारीक दोष जवळजवळ प्रत्येक माणसात असतात. ते सगळेच नाकारले, तर बाकीची उत्तरंही जपून वाचावी लागतात. या मोजपट्टीला ‘खोटेपणाची’ म्हणतात. नाव फार कठोर आहे. कडक शिस्तीत वाढलेली, चांगलंच वागायचं असं मनावर ठसलेली मुलंही या मोजपट्टीवर जास्त गुण मिळवतात. दुसऱ्याचं यश खुपतं का, हा प्रश्न याच जातीचा आहे. तो तुमच्या मुलीच्या चारित्र्यावर आलेला नाही. खुपतं कधी कधी, मलाही खुपतं.

आवडींच्या चाचण्यांचं तर आणखीनच वेगळं. १९२७ साली एडवर्ड स्ट्राँग यांनी जी पद्धत आणली तिच्यात तुमच्या आवडी-नावडी एखाद्या व्यवसायातल्या लोकांच्या आवडी-नावडींशी ताडून पाहतात. त्यामुळे कामाशी काडीचाही संबंध नसलेले प्रश्न त्यात येतात आणि ते चालतं. पढवून दिलेल्या उत्तरांतून फार तर इंजिनिअरांची नक्कल तयार होईल. चार वर्षं वर्गात बसायचंय ते तुमच्या मुलीला.

अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांची माहिती तुम्ही जमवलीच आहे, त्यात मी भर घालण्यासारखं काही नाही. गुणही चांगले आहेत. तुमची काळजी खोटी नाही हे मला कळतं. स्वतःला जे मिळालं नाही ते तिला मिळावं, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पण पूर्ण पत्रात तिला काय आवडतं यावर एकही ओळ नाही. ती संध्याकाळी मोकळी असते तेव्हा काय करते, हेही नाही.

चाचणी इतक्यात पुन्हा देऊ नका. मुलगी आता पढलेली आहे. कुठला प्रश्न का विचारतात याचा विचार करत बसेल आणि दुसरा अहवालही असाच येईल. सहा महिने जाऊ द्या. तोवर एक करा. ती खोडलेली अकरा विधानं तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, तुझं पहिलं उत्तर काय होतं? ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. ‘असं कसं?’ एवढंही म्हणू नका.

त्यानंतर हवं तर तिला माझ्याकडे घेऊन या. पुस्तिका, अहवाल काही नको. मी तिच्याशी पाऊण तास बोलेन, आणि तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसायचं.