नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. त्याने कर्करोग होतो का? बोअरचं पाणी प्यावं का?

बोअरकडे वळू नका, हे आधी सांगतो. बाकीचं नंतर.

मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे पावसाळा लागला की ‘पाण्यात औषध जास्त टाकलंय’ ही तक्रार मला नवीन नाही. क्लोरीनच्या पाण्याने कर्करोग होतो, हे खोटं नाही, अर्धवट आहे. धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याची सेंद्रिय द्रव्यं विरघळलेली असतात. क्लोरीनचा त्यांच्याशी संयोग झाला की क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं (ट्रायहॅलोमिथेन्स) तयार होतात, शिवाय हॅलोअॅसिटिक आम्लंही. अमेरिकेत जर्सी सिटीला 1908 पासून नियमित क्लोरीन टाकलं जात होतं, पण हे उपपदार्थ उघडकीला आले 1974 मध्ये, रॉटरडॅमच्या पाण्यावर काम करणाऱ्या योहानेस रूक यांच्यामुळे. एवढी वर्षं कुणी शोधलंच नव्हतं.

धोका किती? अनेक वर्षं असं पाणी पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. युरोपातल्या 2020 च्या एका अभ्यासाने तिथल्या अशा कर्करोगांपैकी सुमारे 5 टक्क्यांचा संबंध ट्रायहॅलोमिथेन्सशी जोडला. हा अंदाज आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था क्लोरोफॉर्मला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस 10500 या भारतीय मानकात एकट्या क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमिथेन्स मिळून 0.08 चालतात, युरोपात 0.1. आपली मर्यादा ढिली आहे असं माझं मत आहे.

आता वासाचं. नळाच्या पाण्यात ट्रायहॅलोमिथेन्स इतकी कमी असतात की नाकाला कळत नाहीत. उग्र वास बऱ्याचदा क्लोरीनचा अमोनियाशी संयोग झाल्याने येतो. म्हणून वासावरून उपपदार्थ किती ते ठरवता येत नाही. गावातली ओटी टेस्टही (थेंब टाकून पाण्याचा रंग पाहायची चाचणी) फक्त शिल्लक क्लोरीन दाखवते. ट्रायहॅलोमिथेन्ससाठी गॅस क्रोमॅटोग्राफ हे प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं.

खरा उपाय केंद्रावरच आहे. गढूळ कच्च्या पाण्यात सुरुवातीलाच क्लोरीन ओतलं तर त्याला भरपूर सेंद्रिय द्रव्य मिळतं. आधी तुरटीने गाळ बसवून, गाळून, मग क्लोरीन दिलं तर उपपदार्थ बरेच कमी होतात. अर्थात शेवाळ आवरायला काही ठिकाणी आधी क्लोरीन देण्याची गरज पडते. मग मात्रेचा मेळ घालत बसावं लागतं. भर पावसात ते काम सोपं नसतं, हेही सांगून टाकतो.

घरी काय करायचं? झाकण उघडं ठेवून पाणी काही मिनिटं खळखळून उकळा. क्लोरोफॉर्म उडून जातो, हॅलोअॅसिटिक आम्लं मात्र सगळी जात नाहीत. सक्रिय कार्बनचा फिल्टर चांगलं काम करतो. यासाठी आरओ घ्यायची गरज नाही, कारण क्लोरोफॉर्म अडवण्याचं बरंचसं काम आरओ यंत्रातही पडद्यापेक्षा कार्बनच करतो. कार्ट्रिज वेळेवर बदला, नाहीतर त्यातच जंतू वाढतात. कार्बन क्लोरीनही काढून घेतो, तेव्हा गाळलेलं पाणी दोन-चार दिवस साठवू नका. गरम पाण्याच्या आंघोळीत वाफेतून आणि कातडीतूनही क्लोरोफॉर्म शरीरात जातो. बाथरूमची खिडकी उघडी ठेवणं एवढा त्यावरचा बिनखर्ची उपाय.

बोअरचं पाणी जंतुमुक्त आहे असं समजू नका. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. क्लोरीनचा धोका वर्षानुवर्षांच्या हिशेबातला आहे, दूषित पाण्याने माणूस आठवड्यात आडवा होतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की उपपदार्थ कमी करण्याच्या नादात निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये.

तुम्हाला खरंच तपासायचं असेल तर महापालिकेकडे माहिती अधिकारात ट्रायहॅलोमिथेन्सचा अहवाल मागा. नमुना कोणत्या महिन्यातला आहे तेही विचारा. जानेवारीतल्या स्वच्छ पाण्याचा अहवाल पुढे केला, तर पहिल्या पावसानंतरचा मागा.