ब्रिटिश विनोदात तेच तेच चेहरे का दिसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘यस मिनिस्टर’ दोनदा बघून झालं, आता त्याच्याही मागे जायचंय, तर जुन्या ब्रिटिश विनोदी सिनेमांची आणि मालिकांची सुरुवात कुठून करू? आणि जे थोडंफार पाहिलं त्यात तेच ते दुय्यम नट पुन्हा पुन्हा दिसतात, ते का?

दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिल्याचं उत्तर हाताशी येतं.

तुमच्या सर हम्फ्रीलाच धरा, ‘यस मिनिस्टर’ ह्या मालिकेत मंत्र्याला खेळवणारा तो बेरकी सचिव. ती १९८० मध्ये सुरू झाली तेव्हा ही भूमिका करणारा नायजेल हॉथॉर्न पन्नाशीचा होता. त्याआधी काय करत होता? ‘डॅड्स आर्मी’ ह्या मालिकेचा १९६९ मधला एक भाग शोधून बघा, त्यात तो आहे. श्रेयनामावलीत त्याच्या भूमिकेला नावसुद्धा नाही, नुसता ‘चिडलेला माणूस’. असे चिडलेले माणूस, गोंधळलेले पाद्री, संशयी बँक कारकून आणि ऐकू न येणारे कर्नल तिथे शेकड्यांनी तयार होत होते, आणि ते तयार व्हायचे रेपर्टरी थिएटरात.

गावोगावच्या ह्या नाटक मंडळ्या दर आठवड्याला नवं नाटक लावायच्या. रात्री ह्या आठवड्याचा प्रयोग, दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. बावीस वर्षांचा पोरगा ह्या सोमवारी नोकर, पुढच्या सोमवारी खुनी आणि त्याच्या पुढच्या सोमवारी सत्तरीचा न्यायाधीश. भूमिकेत शिरायला सवड अशी नाहीच, त्यामुळे एक चाल, एक खोकला, चष्मा पुसायची एक लकब, एवढ्यावर अख्खा माणूस उभा करायची सवय लागायची. पुढे सिनेमा आणि टीव्हीवाल्यांना दोन मिनिटांत ओळख पटेल असा माणूस हवा असला की ते ह्यांनाच बोलवायचे. म्हणून तुम्हाला तेच चेहरे दिसतात. माझ्या मते ह्या सगळ्या विनोदाची खरी मजा त्यांच्यातच आहे, हिरोत नाही.

आता कुठून सुरू करायचं. सिनेमात ‘द लेडीकिलर्स’, १९५५. ईलिंग स्टुडिओचा. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ रेल्वेच्या बोगद्यावर एका म्हाताऱ्या विधवेचं वाकडं झालेलं घर आहे. तिच्याकडे वरची खोली भाड्याने घेऊन पाच दरोडेखोर दरोड्याची आखणी करतात आणि तिला सांगतात, आम्ही वादक आहोत, सराव करतोय. ग्रामोफोनवर बोकेरिनीची तबकडी लावून ठेवलेली. दारावर टकटक झाली की पाचही जण धावत जाऊन व्हायोलिनं, चेलो उचलतात. बाहेर आजीबाई उभ्या असतात: चहा घेणार का? थोड्या वेळाने पुन्हा टकटक. आजींचा पोपट उडून जातो, तर दरोड्याचं राहतं बाजूला आणि टोळी पोपटामागे.

टोळीत कोण आहेत बघा: ॲलेक गिनेस, सेसिल पार्कर, हर्बर्ट लोम, तरुण आणि गुबगुबीत पीटर सेलर्स, आणि डॅनी ग्रीन. एकापेक्षा एक. आणि ह्या सगळ्यांना खाऊन टाकते ती केटी जॉन्सन, जन्म १८७८ चा. आयुष्यभर किरकोळ भूमिका केलेली बाई. पंचाहत्तरी उलटल्यावर तिला हा सिनेमा मिळाला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कारही. ती विनोद करतच नाही. गिनेस खोटे दात लावून, मफलर गुंडाळून काय काय करत असतो, आणि ती फक्त चांगल्या घरच्या बाईसारखी वागते. कुठेही गेली तरी छत्री विसरते. बस्स.

त्यानंतर ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’, १९५४. पुरुषाने बाईची भूमिका करणं आपल्याला नवं नाही. ‘मोरूची मावशी’ आचार्य अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’ ह्या १८९२ च्या इंग्रजी फार्सवरूनच बेतली. पण मावशीत गंमत ही की तो पुरुष आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि पदर सावरताना त्याची तारांबळ उडते. ॲलिस्टर सिम सेंट ट्रिनियन्सची मुख्याध्यापिका होतो तेव्हा तारांबळ नाहीच. आवाज बारीक केलेला नाही, लचके-मुरके नाहीत. एक थकलेली, कर्जात बुडालेली, तरी आब राखून असलेली हेडमास्तरीण, जी शाळेचे उरलेसुरले पैसे घोड्यावर लावते. ती एका पालकाला समजावते की इतर शाळांतल्या मुलींना निर्दय जगाला तोंड द्यायची तयारी नसते. आमच्या मुली बाहेर पडतात तेव्हा तयारी जगाला करावी लागते. अशी वाक्यं सिम फेकत नाही, जवळजवळ दुःखाने सांगतो. हा गृहस्थ नट होण्याआधी एडिंबरा विद्यापीठात वक्तृत्व शिकवत असे, हे ऐकल्यावर कळतं.

‘कॅरी ऑन’ मालिकेतले सिनेमे मात्र दोन-तीन बघा आणि सोडून द्या. १९५८ पासून वीस वर्षांत तीस काढले आणि तोच द्व्यर्थी विनोद उगाळला. ‘अप द खैबर’मधली खैबरखिंड म्हणजे वेल्सचे डोंगर आहेत, तेवढ्यासाठी तो बघा. पण त्यातल्या पीटर बटरवर्थची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात हा जर्मनांच्या कैदेत होता, स्टालाग लुफ्ट ३ ह्या छावणीत. तिथे कैदी मैदानात लाकडी घोडा ठेवून त्यावरून उड्या मारायचे आणि घोड्याच्या पोटात बसलेले साथीदार खालून भुयार खणायचे. उड्या मारणाऱ्यांत बटरवर्थ होता. युद्धानंतर त्याच घटनेवर १९५० मध्ये सिनेमा निघाला. हा भूमिका मागायला गेला आणि त्याला परत पाठवलं: तुम्ही त्यातले वाटत नाही, तेवढे तगडे दिसत नाही.

हे सांगायचं कारण, ही पिढीच तशी आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’मधला बार्सिलोनाचा वेटर मॅन्युएल आठवतो? तो करणारा अँड्र्यू सॅक्स स्पॅनिश नाही, बर्लिनमध्ये जन्मलेला. वडील ज्यू, म्हणून १९३८ मध्ये कुटुंब जर्मनी सोडून पळालं. हॉटेलात जर्मन पाहुणे येतात आणि मालक त्यांच्यासमोर युद्धाचा विषय काढायचा नाही म्हणता म्हणता दर वाक्यात काढतो, तो प्रसिद्ध भाग आता ह्या माहितीनिशी बघा. (अख्खी मालिका बारा भागांची आहे, एका आठवड्यात संपेल.)

आणि मग माझी लाडकी ‘डॅड्स आर्मी’, १९६८ ते १९७७, ऐंशी भाग. १९४० साल, जर्मन कधीही उतरतील ही धास्ती, आणि फौजेत घेता येणार नाहीत अशा म्हाताऱ्या-कोवळ्यांची गावोगावी होम गार्ड उभी राहिलेली. एका समुद्रकाठच्या गावात बँकेचा मॅनेजर मॅनरिंग स्वतःच स्वतःला कॅप्टन नेमतो. त्याच्या बँकेतला हेडक्लार्क विल्सन त्याचा सार्जंट. आता बघा काय केलंय. मॅनरिंग ठेंगणा, साध्या शाळेतून कष्टाने वर आलेला. विल्सन उंच, देखणा, बड्या घरातला, बड्या शाळेतला. कुणीही निवड केली असती तर उंच देखण्या जॉन ल मेझ्युरिअरला कॅप्टन आणि आर्थर लोला सार्जंट केलं असतं. इथे उलट केलं. हुद्दा एकाकडे आणि खानदान दुसऱ्याकडे. मॅनरिंग हुकूम सोडतो, विल्सन भुवई जराशी उचलून अगदी गोड आवाजात विचारतो, “हे शहाणपणाचं ठरेल असं वाटतं का सर?” आणि मॅनरिंग आतून जळतो. ऐंशी भाग ह्या एका जळण्यावर चाललेत.

१९७३ मधला ‘द डेडली अटॅचमेंट’ हा भाग शोधा. पाणबुडीचा जर्मन कॅप्टन पकडून आणलाय. तो वही काढून धमकावतो की जिंकल्यावर हिशोब चुकता करीन, तुमची नावं माझ्या यादीत जातील. पलटणीतलं सगळ्यांत लहान पोर, पाइक, हिटलरची टवाळी करणारं गाणं म्हणतं. जर्मन त्याच्याकडे वळतो: तुझंही नाव यादीत जाणार, काय नाव तुझं? आणि मॅनरिंग, आपल्या पोराला वाचवायच्या भरात, छाती काढून ओरडतो: “सांगू नकोस त्याला, पाइक!” मॅनरिंग झालेल्या आर्थर लोच्या चेहऱ्याकडे बघा. आपण काय केलं हे त्या चेहऱ्याला अजून कळलेलंच नाही.

पण त्याहून मला जवळचा तो म्हातारा प्रायव्हेट गॉडफ्री. मऊ, विसरभोळा, सारखी लघवीला जायची परवानगी मागणारा. एका भागात उघड होतं की पहिल्या महायुद्धात त्याने बंदूक उचलायला नकार दिला होता. सगळी पलटण त्याच्याकडे पाठ फिरवते, कॅप्टन तर सगळ्यांत आधी. पुढे धुराने भरलेल्या खोपटातून हाच म्हातारा मॅनरिंगला बाहेर काढतो आणि स्वतः आजारी पडतो. सगळे त्याला बघायला घरी जातात तर भिंतीवर त्याचा तरुणपणचा फोटो, छातीवर शौर्यपदक. सॉमच्या लढाईत गोळीबारातून जखमींना उचलून आणलं होतं. बंदूक न घेता.

ही भूमिका करणारा आर्नल्ड रिडली, जन्म १८९६, स्वतः १९१६ मध्ये सॉमला होता. तिथे इतका जखमी झाला की डावा हात कायमचा अधू झाला. मधल्या काळात त्याने ‘द घोस्ट ट्रेन’ नावाचं तुफान चाललेलं नाटक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गणवेश चढवला. पडद्यावर तो एका जागी हळूच बसतो, हात मांडीवर ठेवतो, तेव्हा तो अभिनय किती आणि दुखणं किती, हे मी आजवर सांगू शकलेलो नाही. उलट म्हातारा खाटीक कॉर्पोरल जोन्स करणारा क्लाइव्ह डन मालिका सुरू झाली तेव्हा पन्नाशीच्याही आत होता. तो मात्र सगळा रंग. आणि पलटणीतला स्कॉटिश मर्तिकवाला, जॉन लॉरी, आयुष्यभर शेक्सपिअर करून शेवटी ह्या मालिकेने ओळखला गेला, त्याबद्दल शेवटपर्यंत कुरकुरायचा म्हणतात.

ल मेझ्युरिअरचंही सांगून टाकतो. ‘कॅरी ऑन’मधली ती धिप्पाड मेट्रन, हॅटी जॅक्स, एके काळी ह्याची बायको. १९८३ मध्ये तो गेला तेव्हा ‘टाइम्स’मध्ये त्याने स्वतःच लिहून ठेवलेली निधनवार्ता छापून आली: जॉन ल मेझ्युरिअर आपणांस कळवू इच्छितो की १५ नोव्हेंबरला त्याची गाडी बंद पडली. अगदी विल्सनच्या आवाजात.

आता थोडं घरचं. मी देवळाली कॅम्पचा. काही वर्षांपूर्वी कामासाठी इंग्लंडात होतो. ऑफिसातला प्रिंटर वेड्यासारखा कागद ओकायला लागला, तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, “हा डूलॅली झालाय.” मी म्हटलं, डूलॅली माझं गाव आहे. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग सांगितलं: मायदेशी जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने बसावं लागायचं, उकाड्याने आणि कंटाळ्याने डोकं फिरायचं, त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप.

‘डॅड्स आर्मी’चे लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. त्यातला पेरी स्वतः तोफखान्यात होता आणि देवळालीत सैनिकांच्या करमणुकीचे कार्यक्रम करायचा. त्यातून दोघांची पुढची मालिका आली, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, १९७४ ते १९८१, सुरुवातीला घडते देवळालीत. शूटिंग मात्र इंग्लंडात. बघताना मी गावाची एखादी खूण शोधत बसलो, एकही सापडली नाही.

ही मालिका तुम्हाला डोळे झाकून सुचवणार नाही. तिथला बेअरर रंगीराम हा मायकेल बेट्स ह्या गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केलाय, आणि बीबीसी ती आता दाखवत नाही. बेट्स जन्माने झाशीचा, हिंदुस्तानी अस्खलित बोलायचा, हे खरं. तरी आपल्याला अवघडायला होतं. पण व्हरांड्यात दोरी ओढत बसलेला पंखेवाला आहे, बाबर भट्टी. त्याला कुणी हिशेबात धरत नाही. साहेबलोकांचा मूर्खपणा संपला की तो आपल्याशीच उर्दूत पुटपुटतो आणि शेवटचा टोला इंग्रजीत हाणतो. त्याच्यासाठी चार-पाच भाग मी बघितले.

(नगरकरांनी रागावू नये म्हणून: रेडिओवरच्या ‘द गून शो’ ह्या विनोदी कार्यक्रमाचा जनक स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये अहमदनगरला जन्मला, पोरवय पुण्यात गेलं. त्याच्यावर वेगळा प्रश्न विचारा, उत्तर देईन.)

आज रात्री ‘लेडीकिलर्स’ लावा. सबटायटल असू द्या. जॉन लॉरीपर्यंत पोचलात की तर लागणारच आहेत. त्याचं एखादं वाक्य मला अजूनही दोनदा मागे नेऊन ऐकावं लागतं.