सीपॅपच्या डब्यात कुठलं पाणी घालायचं? – फोंड्याच्या ताईंसाठी

ताई, तुमच्या बाबांच्या सीपॅपबद्दल, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनबद्दल, तुम्ही लिहिलेलं वाचलं. त्या हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरच्या, म्हणजे पाण्याच्या डब्याच्या, तक्रारी वाचून आमच्या घरातला जुना डबाच डोळ्यांसमोर उभा राहिला. तळाच्या पत्र्यावर पांढरा खडबडीत थर, कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत रेघ आणि सकाळी मास्क काढला की कोंदट वास. त्यात सल्ले तीन तऱ्हांचे. दुकानदार म्हणतो सीलबंद बाटलीचं पाणी घाला, शेजारी म्हणतात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते घाला, डॉक्टर म्हणाले डिस्टिल्ड, म्हणजे वाफ गार करून केलेलं, क्षार नसलेलं, आणि ते तुम्हाला फोंड्यात मिळेना. आमच्या ह्यांचं मशीन बरीच वर्षं मीच सांभाळतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, टेक्निशियनही नाही. प्रेशर किती ठेवायचं, मास्क कुठला घ्यायचा, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पांढरं आणि गुलाबी ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे आधी ध्यानात घ्या. पांढरे आहेत ते क्षार. पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार तापणाऱ्या पत्र्यावर बसून राहतात, त्यामुळे मशीन बिघडतं. गुलाबी आहेत ते जंतू. बाथरूमच्या ओल्या फरशीच्या सांध्यात असाच थर धरतो, बहुतेक वेळा सेराशिया नावाच्या जीवाणूचा. त्यामुळे माणूस आजारी पडू शकतो. डिस्टिल्ड पाणी पहिल्या दुखण्यावरचा इलाज. दुसऱ्यावर एकच इलाज, डबा रोज रिकामा करून कोरडा करायचा. लोक धडपडून डिस्टिल्ड पाणी आणतात आणि मग ते फुकट जाऊ नये म्हणून चार-चार दिवस त्याच पाण्यात वरून भर घालत राहतात. माझ्या मते हे सगळ्यात वाईट. उरलेलं पाणी सकाळी ओतून टाका, कितीही महाग असलं तरी. कुंडीत घाला, वाया जाणार नाही.

आता पाणी. एसी लावून झोपलं की आमच्या मशीनला रात्रीत साधारण ३०० मिली लागतं. समजा पाण्याचा टीडीएस १०० आहे, म्हणजे लिटरमागे १०० मिलीग्रॅम क्षार. रात्रीचे झाले ३० मिलीग्रॅम, महिन्याला जवळजवळ एक ग्रॅम. एवढा चुना एवढ्याशा पत्र्यावर. सीलबंद बाटलीच्या पाण्याला भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चालतो, आणि चवीसाठी बऱ्याच कंपन्या वरून खनिजं घालतात. प्यायला ते पाणी उत्तम, मशीनला नाही. घरच्या आरओचंही असंच आहे. मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस वाढवायचा स्क्रू असेल तर काढलेले क्षार तो परत मिसळतो. काहीशे रुपयांत टीडीएसचं पेन मिळतं, एकदा बुडवून बघा. फक्त त्या पेनाला जंतू दिसत नाहीत, आकडा कमी आला म्हणून पाणी निर्जंतुक झालं असं समजू नका.

उकळलेलं पाणी घालावं का, असंही तुम्ही विचारलंय. उकळल्याने जंतू मरतात. थोडा चुना भांड्याच्या तळाला धरतो, बाकीचे क्षार पाण्यातच राहतात. एखाद्या रात्री दुसरं काहीच नसेल तर आरओचं पाणी उकळून, झाकून गार करून वापरा, सकाळी ओता. रोजची सवय नको. तुमच्याकडे नळाला ओपा प्रकल्पाचं पाणी, आमच्याकडे म्हापशात अस्नोडा प्रकल्पाचं. नदीचं पाणी बोअरच्या मानाने सौम्य असतं, पण नळाचं ते नळाचंच. माझ्या माहेरी डिचोलीला विहीर आहे. पाणी गोड लागतं, पण जांभ्या दगडातून आल्याने त्यात लोह असतं. पांढऱ्या बादलीला तांबूस कडं धरतं, तसंच डब्यालाही धरेल.

इन्व्हर्टरच्या पाण्याला माझा सक्त विरोध आहे. त्यातले क्षार काढलेले असतात हे खरं, म्हणून पत्रा स्वच्छ राहतो आणि लोकांना वाटतं जमलं. पण ते बॅटरीसाठी भरलेलं पाणी आहे. कुठल्या टाकीतून आलं, कॅन आधी कशाचा होता, याची काळजी घेणं भरणाऱ्याचं कामच नाही. बाबांनी रात्रभर त्या पाण्यावरून गेलेली हवा फुप्फुसात घ्यायची आहे. एसीच्या नळीतून बादलीत पडणारं पाणीही काही जण वापरतात, कारण ते ‘आपोआप डिस्टिल्ड’ असतं म्हणे. एसीची कॉइल सर्व्हिसिंगच्या दिवशी एकदा उघडी बघा, मग ठरवा.

डिस्टिल्ड मिळत नसेल तर मोठ्या हॉस्पिटलजवळच्या फार्मसीत ‘स्टराइल वॉटर फॉर इरिगेशन’ मागा. एक लिटरची बाटली असते, ऑपरेशनमध्ये धुण्यासाठी वापरतात, क्षारही नाहीत आणि जंतूही नाहीत. बांबोळीला गोमेकॉकडे, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजकडे, जाणं होत असेल तर त्या बाजूला विचारा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. एक मात्र जपा. तशीच दिसणारी सलाइनची बाटली शेजारच्या फळीवर असते आणि घाईत तीच हातात येते. नॉर्मल सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. लेबल स्वतः वाचून घ्या.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सगळ्यात जास्त त्रास दिला ती सांगते, कारण तुमचा दुकानदारही तसंच काहीतरी बोलतोय. मशीन बसवायला आलेल्या मुलाने आम्हाला सांगितलं, "फिल्टरचं पाणी चालतं, फक्त नळाचं नको." आम्ही तसंच केलं. दुसऱ्या वर्षी पत्रा तापेनासा झाला, डब्याच्या रबरी कडेतून पाणी झिरपायला लागलं. मशीन हमीत होतं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या माणसाने डबा उजेडात धरला, नखाने थर खरवडला आणि म्हणाला, "पाणी चुकीचं वापरलंत, हमीत बसत नाही." तुमच्याच माणसाने सांगितलं म्हटल्यावर उत्तर आलं, "तो आता आमच्याकडे नाही." मग इंग्रजी पुस्तिकेतली बारीक अक्षरातली ओळ दाखवली, डिस्टिल्ड वापरा म्हणून. ती ओळ मशीन देताना का नाही दाखवली, ह्याला उत्तर नाही.

तिथून पुढे फोनाफोनी. इथलं ऑफिस म्हणे मुंबईला विचारा, मुंबईवाले म्हणे तक्रार इथल्या ऑफिसातूनच यायला हवी. मशीन दुरुस्तीला गेलं ते बरेच आठवडे आलं नाही आणि तोवर बदली मशीन द्यायची त्यांची तयारी नव्हती. पैसे गेले त्याचं मला फार नाही. पण ज्या माणसाचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडतो त्याला मशीनशिवाय झोपवायचं म्हणजे काय, हे त्या ऑफिसातल्या एकालाही कळलं नाही. हे खुर्चीत बसून झोपायचे. मी शेजारी जागी राहून घोरणं थांबलं की हलवायची. दिवसा ह्यांना वेर्ण्याला कामावर स्वतः गाडी चालवत जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही, रजा संपली. हे लिहितानाही मला राग येतोय.

म्हणून ताई, आजच दुकानदाराला व्हॉट्सॲपवर विचारा, कुठलं पाणी वापरायचं आणि मशीन बिघडलं तर तात्पुरतं मशीन द्याल का. उत्तर लेखी येऊ दे. फोन आला तर "मेसेजमध्ये लिहा" म्हणा. बिल, हमीचं कार्ड, मशीनच्या मागचा नंबर ह्यांचे फोटो काढून ठेवा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार करा. आम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

साफसफाई. सकाळी मशीन बंद केल्यावर पत्रा निवू द्या, डबा काढून पाणी ओता, खळबळून घ्या, उघडा करून सावलीत उपडा ठेवा. आठवड्यातून एकदा डबा, नळी आणि मास्क कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब घालून धुवा आणि भरपूर पाण्याने साबण काढा. पांढऱ्या थरासाठी एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवा. प्रमाण तुमच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर तेच पाळा. व्हिनेगर दुकानातलं पांढरं, पारदर्शक घ्या. आपल्याकडे घरात माडाच्या सुरेचं असतं ते नको, त्याला रंग, वास आणि गाळ असतो, ते स्वयंपाकालाच बरं. सुरीने खरवडू नका, ओरखड्यात जंतू आणखी घट्ट बसतात. डेटॉल, फिनेल, ब्लीच काही नको. निलगिरीचं तेल किंवा कापूर पाण्यात टाकायचा सल्ला नातेवाईक हमखास देतात, तोही ऐकू नका. प्लास्टिक तडकतं आणि तेलाची वाफ फुप्फुसाला चांगली नाही.

पावसाळ्यात इथे काहीच वाळत नाही, ही आपली खरी अडचण. मी दोन डबे ठेवलेत, एक वापरात, एक वाळत. नळीतलं पाणी झटकून, हीटर बंद ठेवून मशीन दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालवलं की आतून कोरडी होते. जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की एसी नसेल तर ह्युमिडिफायर कमी करून किंवा बंद करूनही बऱ्याच जणांना चालतं. बाबांच्या डॉक्टरांना विचारून बघा. वीज गेली आणि मशीन इन्व्हर्टरवर असलं तर हीटर बंदच ठेवा, सगळ्यात जास्त वीज तोच खातो. एसी लावल्यावर मशीनच्या नळीमध्ये पाणी साचून गुडगुड आवाज येत असेल तर ओलावा एक-दोन आकडे खाली आणा, नळीला कापडी कव्हर घाला आणि मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा.

ओझोनवर चालणारी सफाईची पेटी कुणी विकायला आलं तर घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, फेब्रुवारी २०२० मध्येच ओझोन आणि अतिनील किरणांच्या अशा यंत्रांबद्दल सावध केलं होतं. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झडतो म्हणून लाखो मशीनं परत बोलावली, तेव्हा ओझोनने तो फोम जास्त खराब होऊ शकतो असं कंपनीनेच सांगितलं. बाबांचं मशीन जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर मॉडेल नंबर तपासून घ्या.

‘एवढं काय त्या पाण्याचं’ असं घरात कुणी म्हणालं तर मे २०२१ ची आठवण द्या. काळ्या बुरशीचे पेशंट वाढले तेव्हा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सूचनांमध्ये ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरला स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरा असं स्पष्ट लिहिलं होतं. बुरशीची मुख्य कारणं मधुमेह आणि स्टेरॉइड, घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. पण तुमच्या बाबांनाही मधुमेह आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्यांच्या बाबतीत ढिलाई नको. ते जलनेती करतात असंही ओझरतं लिहिलंय. तिथे तर पाणी थेट नाकात जातं, त्यामुळे उकळून गार केलेलंच वापरा, साधं नळाचं किंवा विहिरीचं कधीच नाही. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वराच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तो अमीबा मुख्यतः नाकातून आत जातो.

आणखी दोन बारीक गोष्टी. हवेचा फिल्टर दर महिन्याला बघा, रस्त्याकडेच्या घरात तर लाल धुळीने तो लवकर भरतो. चवथीला घरात धूप-अगरबत्ती चालू असते, तेव्हा मशीन झाकून दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि गावच्या घरी नेताना आधी डबा काढून रिकामा करा. भरल्या डब्यासकट मशीन तिरकं झालं तर पाणी मोटरमध्ये जातं, आणि मग त्या ऑफिसची पायरी चढावी लागते.

तुमच्या सध्याच्या डब्याचं म्हणाल तर व्हिनेगरने धुवूनही पत्र्यावर खड्डे दिसले किंवा रबरी कड चिरलेली असली तर तो टाकून द्या, नवा घ्या. गुलाबी थर नळीच्या आत गेला असेल तर नळीही बदला. बाबांना सकाळचा खोकला आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यासोबत ताप, धाप किंवा पिवळा-हिरवा कफ असेल तर डबा धुण्याची वाट बघू नका, आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि डब्याचा फोटो सोबत न्या.