देव मानत नाही, पण हक्काची माणसं हवीत. असा गट कसा उभा करावा?

आधी दिवस-वेळ पक्की करा: महिन्यातून दोनदा, तासभर. चारच जण आले तरी रद्द करू नका. लंडनमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ‘संडे असेंब्ली’त देवाशिवाय सामूहिक गाणी, व्याख्यान आणि नंतर चहापान असतं. त्यातलं गाणं संकोच वाटला तरी गाळू नका. एकत्र गाताना अनोळखी माणसं लवकर मोकळी होतात. भाषण १५ मिनिटांत आटपा, गप्पांना जास्त वेळ द्या.

गट मोडतो तो सभा धर्मावरच्या टीकेतच संपू लागली, की. किंवा सगळा भार एकट्यावर पडला, की. म्हणून दर तीन महिन्यांनी कामं फिरवा. आजारपणात जेवण कोण पोहोचवणार, मृत्यू झाला तर घरी कोण थांबणार, ही यादी मात्र पहिल्याच महिन्यात, नावं-फोननंबरांसकट करा.