गर्शास्प: नाव फारसी, पण आपल्या नात्यातले

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात नव्याने आलेला इराणी सहकारी आपले नाव 'गर्शास्प' सांगतो. उर्दू जाणणारे तुमचे शेजारी म्हणतात, हे अरबी असणार. आणि नावांच्या कुठल्याशा संकेतस्थळावर अर्थ दिलाय 'सापाला मारणारा'.

शेजारी चुकले. संकेतस्थळही चुकले, पण त्याची चूक कुठून आली ते कळते.

आधी अरबीचा निकाल लावू. मूळ अरबी लिपीत प, च आणि ग नाहीत. फारसीवाल्यांनी जादा टिंबे-रेघा देऊन ती अक्षरे करून घेतली. या नावात सुरुवातीला ग आणि शेवटी प. विषय संपला. (अरबी वळणाने शेवटी ब लिहितात, त्यामुळे आजच्या इराणातही 'गर्शास्ब' दिसते.)

आता खरी गंमत. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, हेच नाव 'केरेसास्प' असे येते. संस्कृतात जिथे ऋ, तिथे अवेस्तात बहुधा 'एरे'. आणि श्वचा होतो स्प: अश्व–अस्प, विश्व–विस्प. मग केरेस अधिक अस्प म्हणजे काय? कृश अधिक अश्व. कृशाश्व! कृशाः अश्वाः यस्य सः, शाळेत घोकलेला बहुव्रीही. रामायणात विश्वामित्र रामाला जी अस्त्रे देतो, ती कृशाश्वाचीच संतती म्हणून सांगितली आहेत. माणूस वेगळा, नाव तेच.

'हडकुळ्या घोड्यांचा मालक' असा अर्थ ऐकून सहकारी खट्टू होईल, तर त्याला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचे घोडे दाखवा. पोट आत गेलेले, बरगड्यांची पुसट रेघ, अंगावर चरबीचा कण नाही. गुबगुबीत घोडा वरातीला. कृश हे इथे कौतुक आहे, असेच मी समजतो. घोड्यांवरून नाव ठेवायची रीत दोन्हीकडे होती: तिकडे तहमास्प, जामास्प, तर इकडे श्यावाश्व, बृहदश्व. पारशी धर्माचा संस्थापक जरथुष्ट्र, खुद्द त्याच्या नावात उंट आहे, तोच आपला उष्ट्र.

सापाचे म्हणाल, तर तो नावात नाही, गोष्टीत आहे. अवेस्तातल्या यस्नाच्या नवव्या अध्यायात येते: केरेसास्प भर दुपारी धातूच्या भांड्यात अन्न शिजवत बसला. ज्या उंचवट्यावर त्याने भांडे ठेवले, तो उंचवटा म्हणजे शिंगे असलेल्या, पिवळ्या विषाच्या अजस्र सापाची पाठ! चटका बसताच साप उसळला, भांडे कलंडले, उकळते पाणी सांडले आणि आपला हा शूर वीर घाबरून मागे पळाला. सापाला त्याने मारले हे खरे, पण पळाला हेही सांगून ठेवले आहे. मला ही गोष्ट आवडते ती त्यासाठीच.

तिथेच त्याला कुरळ्या केसांचा आणि गदा बाळगणारा म्हटले आहे. 'गदा' शब्दही आपलाच. शिवाय त्याचे एक विशेषण आहे 'नइरेमनह', म्हणजे मर्दाच्या मनाचा, वेदातला 'नृमणस्'. पुढे कथा सांगता सांगता हे विशेषण सुटून वेगळा माणूसच झाला: नरीमान. फारसी वीरकथांत तो रुस्तुमाचा पूर्वज. पारशांत ते नाव रुळले, आडनावही झाले, आणि मुंबईचे पुढारी खुर्शेद फ्रामजी नरीमन यांच्यामुळे नरीमन पॉइंटच्या पाटीवर चढले. गर्शास्प दुर्मीळ खरा, पण त्याचे विशेषण चर्चगेटला उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे.

फारसी कवी असदी तूसीने १०६६ मध्ये गर्शास्पवर सुमारे नऊ हजार बेतांचे (दोन ओळींच्या कडव्यांचे) 'गर्शास्पनामा' हे काव्य रचले. त्यात स्वारी हिंदुस्थानातही येते, इथल्या राजाच्या मदतीला. राजाचे नाव काय, तर महाराज!

दख्खनच्या इतिहासातही एक गर्शास्प आहे. मुहम्मद तुघलकाचा नातलग बहाउद्दीन, गुलबर्ग्याजवळच्या सागरचा जहागीरदार. १३२६-२७ च्या सुमारास त्याने बंड केले, देवगिरीजवळ हरला, कंपिलीच्या राजाकडे आणि तिथून होयसळांकडे पळाला. होयसळांनी त्याला सुलतानाच्या हवाली केले, आणि सुलतानाने त्याची जिवंतपणी कातडी सोलवली. पुस्तकांत तो 'गुर्शास्प' म्हणून भेटेल. नाव हेच, उच्चार बदललेला. तुमच्या सहकाऱ्याचे मात्र 'गर्शास्प'च लिहा, आणि हाक मारताना 'शा' जरा लांबवा.