वाचकांचे प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांची सुरक्षितता

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची असून तिचा नंबर उणे साडेपाच आहे. चष्मा नको, लेन्सच हव्यात, असा तिचा हट्ट आहे. लेन्स डोळ्याच्या मागे सरकते, लेन्समुळे नंबर वाढतो, असे नातेवाइकांकडून ऐकले आहे. लेन्स वापरणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : आपल्या कानावर आलेल्या दोन्ही गोष्टी निराधार आहेत. पापणीच्या आतले पातळ आवरण वळून बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागावर येते आणि तिथेच वाट बंद होते. त्यामुळे लेन्स फार तर पापणीखाली दडून बसेल, डोळ्याच्या मागे जाणार नाही. नंबरचे म्हणाल, तर वाढीच्या वयात डोळ्याचा गोल लांबत जातो म्हणून उणे नंबर वाढतो. तो चष्मा लावणाऱ्यांचाही वाढतो आणि लेन्स लावणाऱ्यांचाही.

मुलीचे वयही आड येत नाही. तिच्याहून लहान मुलेसुद्धा शिकवल्यावर लेन्स नीट हाताळतात. मात्र चष्म्याच्या चिठ्ठीवरून परस्पर लेन्स मागवू नयेत. चष्म्याची काच डोळ्यापासून थोडी दूर असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे उणे चारच्या पुढे दोन्हींचे नंबर वेगळे निघतात. आपल्या मुलीला साधारणपणे उणे सव्वापाचची लेन्स लागेल. शिवाय बुबुळाची गोलाई मोजून, लेन्स बसवून, ती डोळ्याची उघडझाप होताना थोडी हलते की घट्ट चिकटून राहते, हेही तपासावे लागते.

खरी काळजी करावी ती कॉर्निआच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, जंतुसंसर्गाची. दिवसा मऊ लेन्स लावून रात्री काढून ठेवणाऱ्या १०,००० जणांमागे वर्षाला साधारण २ ते ४ जणांना असा संसर्ग होतो. लेन्स लावूनच झोपणाऱ्यांमध्ये हा आकडा सुमारे २० पर्यंत जातो. म्हणजे लेन्सइतकीच ती वापरण्याची पद्धतही महत्त्वाची ठरते. मुलगी रोज हात धुऊन, कोरडे करून मगच डोळ्याला लावेल आणि कितीही दमली तरी झोपण्यापूर्वी लेन्स काढेल, असा आपला अनुभव सांगत असेल, तर नकार देण्याचे कारण मला दिसत नाही. परवडत असेल तर रोज नवी लावून रात्री टाकून द्यायची लेन्स निवडावी, कारण तिच्यात डबी आणि सोल्युशन यांचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : माझ्या लेन्स महिनाभर चालणाऱ्या आहेत आणि त्यांतून हवा खेळती राहते, असे दुकानदाराने सांगितले. मग त्या रात्री काढण्याची गरज काय? शिवाय मी त्या आठवड्यातून दोनदाच लावतो. तर त्या चार महिने चालतील ना?

उत्तर : चालणार नाहीत. महिना मोजायचा तो पाकीट फोडल्यापासून, लेन्स किती दिवस लावली यावरून नव्हे.

रात्रीचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. कॉर्निआत रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो. झोपेत पापणी मिटली की हा पुरवठा कमी होतो आणि त्यात लेन्सचा आडोसा आला की आणखी घटतो. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या. प्राणवायूचा प्रश्न त्यांनी बऱ्याच अंशी सोडवला, परंतु झोपेत लेन्स ठेवणाऱ्यांमधला जंतुसंसर्ग अपेक्षेप्रमाणे उतरला नाही. मिटलेल्या डोळ्यात लेन्सखालचे अश्रू साचून राहतात, जंतू धुऊन निघत नाहीत आणि त्यांना पृष्ठभागाला चिकटून वाढायला सवड मिळते. दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही, अर्धे आहे. दुपारची डुलकीही झोपच समजावी.

प्रश्न : प्रवासात सोल्युशन संपले तर उकळून गार केलेले पाणी वापरावे का? आणि लेन्स लावून पोहता येते का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. नळाच्या, विहिरीच्या आणि तलावाच्या पाण्यात अ‍ॅकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव आढळतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो आणि पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. त्याचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर वेदना असह्य असतात, उपचार कित्येक महिने चालतात आणि कधी कधी कॉर्निआचे प्रत्यारोपण करावे लागते. पाणी उकळले तरी ते गार होताना, ओतताना पुन्हा दूषित होऊ शकते. घरी केलेले मिठाचे पाणीही तितकेच वाईट. १९८० च्या दशकात अमेरिकेत या संसर्गाचे बरेच रुग्ण अशा पाण्याशी जोडले गेले होते. सोल्युशन संपले असेल, तर लेन्स काढून टाकून द्यावी आणि चष्मा लावावा.

याच ओघात आपली डबी एकदा पाहा. तळाशी बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागले, तर तो जंतूंचा थर आहे आणि कालच्या सोल्युशनमध्ये आजचे थोडे ओतून तो जात नाही. रोज जुने सोल्युशन ओतून द्यावे, डबी ताज्या सोल्युशनने विसळून स्वच्छ कागदावर पालथी घालून वाळवावी आणि तीन महिन्यांनी फेकून द्यावी. लेन्सही नुसती बुडवून न ठेवता तळहातावर ताज्या सोल्युशनने हलके चोळावी, बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे छापलेले असले तरी.

प्रश्न : लेन्समुळे डोळा लाल झाला की मी घरातले जुने थेंब घालते आणि बरे वाटते. हे योग्य आहे का?

उत्तर : कृपया असे करू नका. घरातल्या जुन्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते, पण जंतूंना मोकळे रान मिळते. लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यात वारंवार सापडणारा स्यूडोमोनास हा जंतू एक-दोन दिवसांत कॉर्निआ पोखरू शकतो आणि जखम भरली तरी बुबुळावर फूल पडून नजर कायमची अधू राहते. लाली, ठणका, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, यांपैकी काहीही दिसले की दोन्ही लेन्स काढाव्यात, डोळा पट्टीने बांधू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जाताना लेन्स आणि डबी न धुता सोबत न्यावी, कारण जंतू कोणता आहे हे कित्येकदा त्यांच्या तपासणीतूनच कळते.