सही करू का, नोकरी सोडू का?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि तिन्ही गाणी हेडफोन लावून ऐकली, त्यातलं एक तर चारदा. वयाने मी बरीच मोठी आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करते. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुझी हकिगत थोडक्यात सांगते. तू मूळ इस्लामपूरचा, वय २६, हिंजवडीत नोकरी. स्वतः लिहितोस, स्वतः चाल लावतोस, गिटार घेऊन गातोस. तीन गाणी तू स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलीस. एका संगीत कंपनीने तिन्हींचे सगळे हक्क २५ हजारांना मागितलेत आणि आठवड्याभरात सही हवी म्हणतात. तू दोन गोष्टी विचारल्यास: सही करू का? आणि प्रतीक कुहाड, म्हणजे स्वतःची हिंदी-इंग्रजी गाणी लिहून गाणारा तो गायक, त्याच्यासारखं मराठीत जमेल का, म्हणजे नोकरी सोडू का?

आधी सहीचं, कारण तिला मुदत आहे. या कागदावर सही करू नकोस.

२०१४ साली माझी आठ गाणी तयार होती. एका कंपनीच्या ऑफिसात बसले, चहा आला, मागोमाग दीड पानाचा करारनामा आला. ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगात, आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत’ हे शब्द मी वाचले होते. बँकेच्या फॉर्मवर असतो तसला ठरलेला मजकूर वाटला आणि मी सही केली. अल्बम त्यांनी दिवाळीत काढला आणि त्यानंतर त्याच्याकडे बघितलंही नाही. चार वर्षांनी आईच्या पंचाहत्तरीला मी घरात तेच एक गाणं गायले. तिच्यासाठीच लिहिलं होतं. मामेबहिणीने फोनवर शूट केलं, मी यूट्यूबवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कॉपीराइटचा दावा येऊन व्हिडिओ बंद झाला. आई विचारत होती, “अगं, नाशिकच्या मावशीला दिसत नाहीये, काय झालं?” काय सांगायचं ते मला सुचलं नाही. अजूनही ते गाणं कार्यक्रमात घेताना घसा दाटतो.

तेव्हा माहीत नव्हतं ते आता तुला सांगते. गाण्यात वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण ज्याने पैसे घालून करवून घेतलं त्याचं. तुझ्या बाबतीत तिन्ही तुझीच आहेत. त्यासाठी कुठे नोंदणी केलेली असावी लागत नाही. गाणं लिहून किंवा रेकॉर्ड होऊन तयार झालं की हक्क जन्माला येतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क तुझ्या हयातीत आणि त्यापुढे ६० वर्षं टिकतो. तू ८० वर्षं जगलास असं धर, म्हणजे आजपासून ११४ वर्षं. २५ हजारांना भाग देऊन बघ, वर्षाला २२० रुपयेसुद्धा पडत नाहीत, तेही तीन गाण्यांचे मिळून.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कोणाला लिहून देताच येत नाही, अपवाद फक्त कायदेशीर वारसांचा आणि कॉपीराइट सोसायटीचा, म्हणजे रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही हे लागू आहे. त्यामुळे ‘यापुढे रॉयल्टीवर माझा कोणताही दावा राहणार नाही’ असं कलम असेल तर ते टिकत नाही. माझ्या करारात ते होतं, आणि दुरुस्ती होऊन दोन वर्षं झालेली होती. शिवाय करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठीच दिले असं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द इतक्या आवर्जून घातलेले असतात.

कंपनीला खरोखर तुझं गाणं आवडलं असेल तर तीच माणसं वेगळ्या कागदावरही काम करतील. त्यांना सांग, ध्वनिमुद्रणाचा परवाना ३ वर्षांसाठी देतो, शब्द आणि चाल माझ्याकडे राहतील, जाहिरात किंवा मालिकेत वापरायचं झालं तर माझी लेखी परवानगी, आणि दर सहा महिन्यांनी हिशेब. यावर ते उठून गेले तर जाऊ देत. आठवड्याची घाई त्यांची आहे. आणि सहीआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखव. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

आयपीआरएस म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, गीतकार-संगीतकारांची, १९६९ पासूनची संस्था. तिचा सभासद हो आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदव. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम, ॲप, जिथे जिथे गाणं वाजतं तिथली गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी ती गोळा करते. गाणी ऐकायच्या ॲपवर ती चढवायला डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांच्यासारखा वितरक घे. तिथे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो, तो एका वहीत लिहून ठेव. गीतकार आणि संगीतकार यांच्या रकान्यांत तुझं पूर्ण नाव भर, प्रत्येक गाण्याला त्याच स्पेलिंगने. स्पॉटिफाय या ॲपच्या संपादकांनी त्यांच्या प्लेलिस्टमध्ये गाणं घ्यावं असं वाटत असेल तर ते प्रकाशनाआधी किमान ७ दिवस त्यांच्याकडे पाठवावं लागतं. मी चार आठवडे हाताशी ठेवते. आणि २०२४ पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे सुरूच होत नाहीत, हे लक्षात असू दे, म्हणजे पहिल्या वर्षी खातं बघून खचायला होणार नाही.

आता प्रतीक कुहाड. त्याचं नाव घेतलंस हे बरं झालं, कारण त्याची वाटचाल सालांसकट बघण्यासारखी आहे. जयपूरचा मुलगा, न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकला, परत येऊन दिल्लीत गाऊ लागला. २०१३ मध्ये हिंदी गाण्यांचा छोटा संच, २०१५ मध्ये पहिला पूर्ण अल्बम, २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटात एक गाणं. ज्या इंग्रजी गाण्याने तो जगभर पोचला ते २०१८ चं. त्याच्या पुढच्या वर्षाअखेरीला बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते आलं आणि मग सगळ्यांना वाटलं की हा एका रात्रीत मोठा झाला. इलेक्ट्रा या मोठ्या अमेरिकन कंपनीशी त्याचा करार झाला २०२० मध्ये. २०१३ ते २०२० ही सात वर्षं बघ. त्या काळात तो लहान लहान जागांमध्ये गात राहिला आणि ऐकणारे त्याची गाणी पाठ करत राहिले. कंपनी आली तेव्हा त्याच्यामागे भरलेली सभागृहं होती, म्हणून तो टेबलाच्या या बाजूला ताठ बसू शकला.

मराठीत जमेल का, असं विचारतोस. अरे, स्वतः लिहायचं आणि स्वतःच गायचं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन स्वतःची भजनं गात गावोगाव फिरले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक अक्षरं शिकले तेच मोठेपणी, आणि नंतर आयुष्यभर स्वतःची गाणी लिहीत आणि गात राहिले. ती आजही वस्त्यावस्त्यांत लोकांच्या तोंडी आहेत. अलीकडचं बघायचं तर संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि तिकिटं काढून लोक स्वतःच्या भाषेतली नवी गाणी ऐकायला आले. मराठी माणूस नव्या गाण्यासाठी घराबाहेर पडत नाही ही तक्रार मला पटत नाही, कधीच पटली नाही.

पण त्यासाठी शब्द ऐकू यायला हवेत, आणि इथे मला तुझ्या गाण्याबद्दल बोलायचंय. दुसऱ्या गाण्यातली ‘अजून तुझ्या चपला दाराशी’ ही ओळ फार चांगली आहे. आजोबांवर आहे ना ते गाणं? मला त्या चपला दिसल्या, झिजलेला अंगठासुद्धा दिसला. पण तू ती गातोस तेव्हा गिटारचा जोर ‘अजून’मधल्या ‘अ’वर येतो आणि तिथेच तू आवाज लांबवतोस. ‘अ’ लघु आहे, तो बोलताना कोणी ताणत नाही. ताणला की कान अडखळतो आणि पुढचा ‘चपला’ शब्द घाईत निघून जातो. हीच ओळ फोनवर बहिणीला सांगतोयस अशी चार वेळा बोलून बघ. आवाज आपोआप ‘दाराशी’च्या ‘दा’वर टेकतो. तो गुरू आहे, त्यात ‘आ’ आहे, तिथे हवा तेवढा थांब. सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, तिथे आण. कॉर्ड बदलायचीही गरज नाही, ओळ दोन मात्रा उचलून आधी सुरू केलीस की झालं.

त्याच गाण्याच्या शेवटी ‘आठवणींचा पाऊस’ येतो. तो काढ. हजार गाण्यांत तो पडून गेलाय. तुझ्याकडे दारातल्या चपला आहेत, तेवढ्या पुरतात. वेळ मिळाला की अभंग मोठ्याने वाच, बोटांवर अक्षरं मोजत. सहा, सहा, सहा, चार. त्या शेवटच्या चार अक्षरांत आवाज कसा खाली उतरतो ते अंगात भिनलं की चाल लावताना फार उपयोगी पडतं. मला पडलं.

कार्यक्रमांचं सांगते, कारण माझ्या घरी येणाऱ्या पैशांत सर्वात मोठा वाटा त्यांचाच आहे, बाकी सगळं त्यामागून. पहिला स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम मी सांगलीत एका मैत्रिणीच्या गच्चीवर केला. सतरंज्या, एक छोटा स्पीकर, पाण्याचा माठ, २३ माणसं. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतल्या एक आजी ध्रुवपद माझ्याआधी म्हणू लागल्या. त्यांनी ते त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या क्षणी मला कळलं की हे गाणं उभं राहिलंय. जाताना दाराशी एक वही ठेवली होती, ज्यांना पुढच्या वेळी बोलवावं असं वाटतं त्यांनी नाव आणि नंबर लिहायचा. १७ जणांनी लिहिलं. ती वही आज माझ्याकडे चौथी चालू आहे आणि कुठल्याही गावात कार्यक्रम ठरला की मी आधी ती उघडते. तूही पुण्यात एखाद्या मित्राच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयाच्या खोलीत तीस खुर्च्यांनी सुरुवात कर. ज्याला जे द्यायचं ते टाकायला पाकीट ठेव, आकडा सांगू नकोस. दुसऱ्या कार्यक्रमापासून तिकीट लाव, १०० रुपये का होईना. फुकट बोलावलेला माणूस फोन बघतो.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. मी ११ वर्षं शाळेत संगीत शिकवलं, त्यातली शेवटची चार अर्धवेळ, आणि त्या पगारामुळेच दुसऱ्या वेळी वाईट करार नाकारू शकले. तुझ्याजवळ निदान वर्षभराचा घरखर्च साठला आणि सलग सहा महिने कार्यक्रमांतून घरभाडं निघालं की मग साहेबांशी अर्ध्या वेळेबद्दल बोल. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरल्या तरी वर्षात तीसेक कार्यक्रम होतात. घरच्यांना पहिल्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसव. “नोकरीचं काय” हा प्रश्न त्यानंतर जरा मऊ होतो.

कराराच्या पानांचे फोटो मला मेसेजमध्ये पाठव, कंपनीचं नाव झाकून पाठवलंस तरी चालेल. वकिलाकडे जाण्याआधी मी कलमांवर पेन्सिलने खुणा करून देते, म्हणजे काय विचारायचं ते हाताशी असेल. आणि चपलांचं गाणं सम बदलून एकदा साध्या फोनवर रेकॉर्ड कर, गिटारशिवाय, नुसत्या टाळीवर. रविवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, ऐकते.